चहातली गोळी

गेल्या वर्षी सहामाहीच्या सुमारास माझ्या वर्गातली एक मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी तिची आई भेटायला आली. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि एकदम डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "बाई, ह्यांच्या चहात मीच गोळी टाकत होते ओ. कुणाला सांगू नका." नाव-गाव गाळून लिहायला आता तिनेच होकार दिला आहे, म्हणून लिहिते.

नवरा यंत्रमागावर कामाला. रोज पिणारा नव्हे, पण शनिवारी पगार हातात पडला की शुद्ध नसायची. कुणीतरी हिला सांगितलं, दारू सोडवायची गोळी मिळते, पूड करून चहात घाल, त्याला पत्तासुद्धा लागणार नाही. सोमवारपासून हिने सुरू केलं. शनिवारी तो प्यायला आणि थोड्याच वेळात मित्रांनी त्याला घरी आणून सोडलं. चेहरा लालबुंद, घामाने निथळतोय, छाती धडधडतेय, उलट्या थांबत नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत हातपाय गार पडले, रक्तदाब उतरला. डॉक्टरांना हृदयविकाराची शंका आली. "कुठलं औषध चालू आहे का?" असं त्यांनी विचारलं, तर ही भीतीने "काही नाही" म्हणाली. खरं बोलायला तिला तासभर लागला. तो तासभर डॉक्टर वेगळ्याच आजाराचा शोध घेत राहिले. सुदैवाने माणूस वाचला.

मी कला शाखेची, रसायनशास्त्राशी माझं कधी जमलं नाही. तेव्हा एका डॉक्टर मैत्रिणीला गाठून हे समजून घेतलं. दारू पोटात गेली की तिचा निचरा मुख्यतः यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये होतो आणि तो दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं द्रव्य बनतं. दुसऱ्या टप्प्यात त्याचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच, फारसं निरुपद्रवी. खरा विखार आहे तो मधल्या अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये. एरवी शरीर त्याला फार वेळ टिकू देत नाही. डायसल्फिराम ही गोळी नेमकी दुसऱ्या टप्प्याचं काम करणारं विकर बंद पाडते. मोरीच्या तोंडाशी बोळा बसावा आणि वरून नळ चालूच राहावा, तसं होतं. मग चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, श्वास लागणं आणि वाईट वेळ असेल तर झटके येणं, हृदय बंद पडणं, इथपर्यंत मजल जाते.

या गोळीची जन्मकथाही मजेशीर आहे. रबराच्या धंद्यातल्या अशाच एका रसायनाशी रोज संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, असं एका अमेरिकन डॉक्टराने १९३७ सालीच लिहून ठेवलं होतं. पुढे कोपनहेगनमधले दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिराम तपासत होते. त्यांनी ते स्वतःच घेऊन पाहिलं आणि नंतर दारू प्यायल्यावर दोघांचीही गत झाली. १९४८ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. सुरुवातीच्या काळात मोठ्या मात्रेमुळे काही रुग्ण दगावले, तेव्हा मात्रा कमी करण्यात आली. आता सांगा, असलं औषध आपण चमच्याने, अंदाजाने, चहात घालायचं?

डॉक्टर ही गोळी देतात, नाही असं नाही. पण आधी हृदय, यकृत, मधुमेह, मानसिक आजार सगळं तपासतात, शेवटचा घोट घेऊन निदान बारा तास उलटलेले असावे लागतात, आणि मुख्य म्हणजे रुग्णाला सगळं सांगून, त्याची संमती घेऊन देतात. गोळी बंद केली तरी तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. शिवाय नुसती दारू टाळून भागत नाही. आपल्या कपाटातलं द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आंबवण्यातूनच मद्यार्क तयार झालेला असतो. खोकल्याची काही औषधं आणि होमिओपॅथीचे थेंब यांतही असतो. ज्याला आपण काय गिळतोय हेच ठाऊक नाही, तो बिचारा जपणार कसा?

आपल्याकडे आणखी एक समजूत आहे. हातभट्टीची विषारी, बाटलीबंद 'इंग्लिश' मात्र शुद्ध. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती दारूतल्या मिथेनॉलमुळे, ते विष निराळं. आपल्या जिल्ह्यातही सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये, तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना, 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं आणि मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्ट्या सोडवून लोकांना दुसऱ्या धंद्याला लावण्याचा प्रयत्न केला. ते चांगलंच झालं. पण अ‍ॅसिटाल्डिहाइड भट्टीवाला घालत नाही, ते पिणाऱ्याच्या पोटात बनतं, मग बाटली शंभराची असो की पाच हजारांची. वर्षानुवर्षं ते यकृताच्या पेशींना इजा करत राहतं. तोंडातले जंतूसुद्धा दारूपासून ते तयार करतात, आणि विडी-सिगारेटच्या धुरात ते आयतंच असतं. म्हणून दोन्ही करणाऱ्याला तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये दारूतून येणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातलं. आपल्या बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कर्करुग्णांची नोंद ठेवली जाते, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत असेल?

मग बाईने करायचं काय? हा प्रश्न मला तिनेही विचारला, जरा चिडूनच. "मारही आम्हीच खायचा आणि नियमही आम्हीच पाळायचे?" तिचं चुकलं असं मला म्हणवेना. पण रस्ते आहेत. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करता येते. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पुण्याला डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथे रुग्णाबरोबर बायकोलाही बोलावून घेतात. नवरा अजिबात तयार नसला तरी आपण एकटीने जाऊन बोलता येतं. आणि अशी गोळी कुणी चुकून दिलीच असेल तर दवाखान्याच्या दारातच सांगून टाकावं, लपवू नये.

आमच्या या बाईने महिन्याभराने नवऱ्याला सगळं सांगितलं. आठ दिवस अबोला झाला. मग दोघं मिळून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी तीच गोळी लिहून दिली. रोज सकाळी तो ती आपल्या हाताने घेतो, ही समोर उभी असते. मधे एकदा पाय घसरला, पण पुन्हा सुरू केली. चहा मात्र, ती सांगत होती, आता तो स्वतःचा स्वतःच करून पितो.