माझगावची ‘इस्रायली’ शाळा

माझगावातून जाताना सर एली कदूरी शाळेपाशी माझी पावले रेंगाळतात. वर्गांत बसणारी बहुतेक मुले आज मुसलमान घरांतली. ही शाळा ज्यूंनी, ज्यू मुलांसाठी काढली होती, हे नवख्याला सांगून खरे वाटणार नाही.

१८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ती सुरू केली. केहिमकर म्हणजे अलिबागजवळच्या किहीमचे. बेने इस्रायलांची आडनावे अशीच आपल्या कोकणातली. पेणकर, रोहेकर, नवगावकर. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. घरची भाषा मराठी. हिब्रू जवळजवळ विसरलेली. ती त्यांना पुन्हा शिकवली कोणी? ख्रिस्ती मिशनऱ्यांनी! डॉ. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. मिशनच्या शाळांत शिकून धर्म बदलणारे अगदी थोडे निघाले, पण आईबापांच्या मनात धाकधूक असणारच. आपली मुले आपल्याच छपराखाली शिकावीत, या हट्टातून ही शाळा उभी राहिली. म्हणजे मूळ प्रेरणा सर्वधर्मसमभावाची नव्हती, स्वधर्मरक्षणाची होती. तसे म्हणण्यात काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही.

पुढे बगदादेत जन्मलेल्या आणि हाँगकाँग-शांघायमध्ये वैभवाला चढलेल्या सर एली कदूरींच्या देणगीमुळे शाळेला आजचे नाव मिळाले. रिबेका रूबेन १९२२ पासून अनेक वर्षे मुख्याध्यापिका होत्या. त्यांची इंग्रजी क्रमिक पुस्तके इतर शाळांतही लागली.

मग १९४८ साली इस्रायल झाले. कुणी धर्माच्या ओढीने, कुणी बऱ्या दिवसांच्या आशेने, एकेक कुटुंब निघाले. बाक रिकामे होत गेले. तेव्हा शाळेला टाळे लागते तर कुणी विश्वस्तांना बोल लावला नसता. ज्यांच्यासाठी काढली तेच उरले नव्हते. पण आजूबाजूच्या वस्तीत मुले होती आणि त्यांना शाळा हवी होती. त्या बाकांवर ती येऊन बसली. भाषणे झाली असतील-नसतील, फळ्यावर नव्या वर्षाची तारीख पडत राहिली.

इथून गेलेल्या मंडळींनी तिकडे इस्रायलमध्ये एक मराठी नियतकालिक काढले. त्याचे नाव ‘मायबोली’.