आधी कोण, नंतर कोण?

हजेरीपटावर ‘लक्ष्मण’ आधी आणि ‘वसंत’ नंतर, हे गुरुजींना कुणी सांगावे लागत नाही. मुळाक्षरे त्यांच्या अंगवळणी पडलेली असतात. संगणकाचे तसे नाही. त्याला ठाऊक असतो तो प्रत्येक अक्षराला दिलेला आकडा.

तुम्ही म्हणाल, मग आकड्यांवरून क्रम लावला की झाले! लावून पाहू. इंग्रजी मोठ्या ‘झेड’चा आकडा ९०, लहान ‘ए’चा ९७; म्हणजे झेड आधी आणि ए नंतर! आपण ‘ळ’ शिकवतो ‘ह’नंतर, पण युनिकोडच्या आकड्यांत तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसला आहे. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला ‘ऱ’ तर दोन तऱ्हांनी नोंदवता येतो: एक सबंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ला खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. आकडे ताडणाऱ्या यंत्राला मात्र ती दोन माणसे. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव एका तऱ्हेने असले आणि शोध दुसऱ्या तऱ्हेने घेतला, तर मुलाचे नाव असूनही ‘नाही’ असे उत्तर येते.

दोन यंत्रे एकमेकांशी बोलताना दोघांचे नियम वेगळे असले, तर घोटाळा वाढतो. म्हणून २००७ साली इंटरनेटच्या मानकांत अशा नियमांची एक नोंदवही ठरली. प्रत्येक नियमाला नाव दिले, म्हणजे ‘अमक्या नियमाने लाव’ असे एका यंत्राला दुसऱ्यास सांगता येते. एक नियम आकडे जसेच्या तसे ताडतो. दुसरा इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे एकच मानतो. तिसरा संख्येची किंमत पाहतो, म्हणून दोन हे दहाच्या आधी येतात. पण तो इंग्रजी अंकच ओळखतो बरे का! देवनागरीतले २ आणि १० त्याला सारखेच. त्याच वर्षीचा युनिकोडचा नियम ‘ऱ’ची फोड करून ताडतो, म्हणून कुऱ्हाडे एकच राहतात. ‘ळ’ची जागा मात्र त्यालाही कळत नाही, त्यासाठी मराठीचा वर्णक्रम जाणणारा नियमच हवा.

तेव्हा निवड कामावरून करावी. परवलीचा शब्द असेल तर काना-मात्राही न सोडता ताडावा. माणसांची नावे असतील तर त्यांच्या भाषेचा नियम लावावा. आणि गुरुजी, यंत्राने ‘नाव नाही’ म्हटले, तर मुलाला परत पाठवण्याआधी यादी एकवार डोळ्यांखालून घाला.