अपघाताचे निदान करणारा अभियंता : प्रा. दिनेश मोहन

निवासी डॉक्टर असताना एका रात्री शल्यविभागातून बोलावणे आले म्हणून मी गेले. सात वर्षांच्या मुलाची दोन बोटे कडबाकुट्टीच्या पात्याखाली तुटली होती. केसपेपरवर मी लिहिले, 'अपघाती इजा'; आणि मुलाकडे लक्ष दिले नाही म्हणून त्याच्या आईला चार शब्दही सुनावले. चाक कोण फिरवीत होते, पात्यावर आवरण होते का, हे विचारण्याचे मला सुचले नाही. हे प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारले, त्या प्रा. दिनेश मोहन यांचे कार्य पुढे वाचनात आले, तेव्हा माझे त्या रात्रीचे निदान किती अपुरे होते हे उमगले.

मोहन मूळचे यंत्र अभियंता. मुंबईच्या आयआयटीतून १९६७ साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले व मिशिगन विद्यापीठात त्यांनी जैव-अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळविली. उंचावरून पडून डोक्याला मार बसलेल्या मुलांच्या प्रत्यक्ष घटना संगणकावर पुन्हा उभ्या करून, बालकाचे मस्तक किती आघात सोसू शकते याचा शोध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. तो निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात त्यांनी डॉ. विल्यम हॅडन यांच्या संस्थेत काम केले. हॅडन हे स्वतः वैद्यक. हिवतापाला जसा परोपजीवी, तशी इजेला ऊर्जा कारणीभूत असते. ती ऊर्जा शरीराला सोसवेल त्याहून अधिक प्रमाणात पोहोचली की इजा होते, हा त्यांच्या विचाराचा गाभा. मग उपायही साथीच्या रोगासारखेच : ऊर्जा निर्माण होऊ न देणे, ती कमी करणे, शरीर व ऊर्जा यांमध्ये अडसर घालणे.

हा विचार घेऊन मोहन भारतात परतले आणि दिल्लीच्या आयआयटीत स्थिरावले. परदेशी उपाय जसेच्या तसे उचलण्याचा मोह त्यांनी टाळला. उत्तर भारतातील खेड्यांत शेतीकामात होणाऱ्या इजांची त्यांच्या गटाने पाहणी केली, तेव्हा कडबाकुट्टीने बोटे गमावणाऱ्यांत लहान मुलेही असल्याचे दिसले. त्यांवर व्याख्याने देण्याऐवजी त्यांनी यंत्रच बदलायला घेतले. पात्यांना आवरण, काम संपल्यावर चाक अडकवून ठेवण्याची सोय आणि हात पात्यांकडे सरकू लागताच बोटांना जाणीव देणारा एक रूळ, अशा साध्या सुधारणा. मूल खेळणारच आणि मजूर थकणारच, हे गृहीत धरूनच यंत्र घडविले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी.

रस्त्याकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. पाश्चात्त्य संशोधन मोटारीत बसलेल्या माणसाभोवती फिरत होते. आपल्याकडे मरतो तो प्रामुख्याने पायी चालणारा, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार. त्यामुळे वेगमर्यादा, पदपथ, बस-ट्रकचा दर्शनी भाग आणि आपल्या उकाड्यात घालवेल असे हेल्मेट हे त्यांच्या आस्थेचे विषय झाले. वेगाचा मुद्दा पदार्थविज्ञानाचाच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची धडक ही सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखी असते. ताशी ३० किलोमीटरला ती उंची साडेतीन मीटरवर येते. जागतिक आरोग्य संघटना व जागतिक बँक यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रस्ते-इजा प्रतिबंधविषयक अहवालाचे ते एक संपादक होते.

त्यांचे सारेच प्रयत्न फळास आले असे नाही. बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिकेचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. दिल्लीतील ती मार्गिका २००८ साली सुरू झाली, मोटारचालकांच्या रोषास पात्र ठरली आणि २०१६ मध्ये काढून टाकण्यात आली. २१ मे २०२१ रोजी कोविडने मोहन यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी, दुचाकीवर मागे बसणाऱ्या ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या बालकासाठी हेल्मेट, सुरक्षा-पट्टा आणि ताशी कमाल ४० किलोमीटर वेग असा नियमही झाला. लसीकरणासाठी येणारी किती बाळे आजही आई-वडिलांच्या मध्ये, उघड्या डोक्याने बसून येतात, हे आपण रोज पाहतो.

गोवराचा एक रुग्ण आढळला तरी आपण त्याचा संसर्ग कोठून झाला हे विचारतो. इजा झालेल्या मुलाबाबत मात्र 'पडला', 'लागले' एवढ्यावर आपली लेखणी थांबते. केसपेपरवर आणखी दोन ओळी लिहिणे आपल्या हाती आहे : कोणत्या वस्तूने लागले, आणि ती वस्तू वेगळी असती तर लागले असते का? त्या मातेला मी त्या रात्री दोष दिला. त्याची भरपाई आता करता येणार नाही. पुढच्या मातेला मात्र तो ऐकावा लागू नये.