ट्रंपेटचे पहिले धडे

सांताक्रूझ पूर्वेला, विमानतळाच्या शेजारी, कोळे-कल्याण हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचं जुनं गावठाण आहे. या समाजाच्या लग्नात ‘उंबराचं पाणी’ आणायला मंडळी वाजतगाजत विहिरीवर जातात आणि सोबत ब्रास बँड असतो. बँडमध्ये गाण्याची चाल उचलून धरतो तो ट्रंपेट. मुंबईकरांनी तो वरातीत असंख्य वेळा ऐकलाय. तो शिकायला काय लागतं, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं.

नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रंपेटची नळी सरळ केली तर जवळपास दीड मीटर भरेल. तिच्यावर तीन पिस्टन असतात. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका स्वराने, तिसऱ्याने दीड. असे झडपांचे ट्रंपेट 19व्या शतकात आले. आजच्या पिस्टनची घडण पॅरिसच्या पेरिने यांनी 1839मध्ये केली. झडपा येण्याआधी वादकाला मुख्यतः नळीतल्या निसर्गदत्त सुरांवर भागवावं लागे.

पेटीची पट्टी दाबून भाता हलवला की सूर निघतो. ट्रंपेटमध्ये आयता सूर नसतो. तो ओठांच्या थरथरण्यातून जन्मतो आणि नळी त्याला मोठं करते. एकही पिस्टन न दाबता, केवळ ओठांचा ताण आणि फुंकीचा वेग बदलून सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प काढता येतात. म्हणून इथे बोटांआधी कान तयार व्हावा लागतो. सूर मनात वाजला नसेल तर ओठ भलत्याच सुरावर जाऊन बसतात.

सुरुवात नुसत्या माउथपीसवर करावी. ‘म’ म्हणताना मिटतात तसे ओठ मिटायचे, कोपरे घट्ट ठेवायचे, गाल फुगू द्यायचे नाहीत आणि पोटातून भरलेला श्वास सोडायचा. मग वाद्यावर एकच सूर, लांब आणि स्थिर. नवशिक्या वरचा सूर लागेना की माउथपीस ओठांवर दाबतो. त्याने ओठांचं रक्त अडतं, ते लवकर थकतात आणि आवाज चिरका होतो. जितका वेळ वाजवलं तितकीच विश्रांती घ्यावी. रोज दहा-पंधरा मिनिटं दोनदा बसणं रविवारी तासभर झुंजण्यापेक्षा हिताचं. नळीतून गळणारं पाणी बहुतांशी श्वासातली थंड होऊन पाणी झालेली वाफ असते, त्याची किळस बाळगू नये. पिस्टनला तेल घालत राहावं. इमारतीत राहणाऱ्याने आवाज दाबणारा सरावाचा म्यूट घ्यावा आणि शेजाऱ्यांशी वेळ ठरवून घ्यावी. पुस्तक हवं असेल तर 1864मध्ये निघालेली आर्बाँ यांची पद्धत आजही जगभर शिकवली जाते.

मुंबईला हे वाद्य लाभलं ते मुख्यतः गोव्याकडून. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन शिकवत. त्या मातीतले हळदोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट (1916–1967), मुंबईत ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून गाजले. ते सी. रामचंद्रांचे सहायक होते, आणि भगवानदादांच्या ‘अलबेला’त (1951) आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. मराठी संगीतकार, मराठी नट-दिग्दर्शक आणि गोव्याचा ट्रंपेटवाला यांनी मिळून हिंदी सिनेमाला नाचायला लावलं. तरीही श्रेयनामावलीत अशा वादकांना क्वचितच जागा मिळाली, आणि लग्नाच्या बँडवाल्याला तर आपण कलावंत म्हणतच नाही.

हे बदलायला हवं. वरात संपली की त्या बँडमधल्या ट्रंपेटवाल्या काकांना गाठा आणि शिकवाल का, म्हणून विचारा. श्वास, ओठ आणि कान कसे जुळवायचे, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी दाखवू शकणार नाही. योग्य गुरुदक्षिणा द्या आणि आपल्या मुलांना त्यांच्यासमोर शिष्य म्हणून बसवा.