मांडवीच्या मुखावरची तीन राजांची इगर्ज

पणजीच्या किनाऱ्यावरून समोर पाहिलं की मांडवीपलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक पांढरीशुभ्र इगर्ज, म्हणजे चर्च, दिसते. तिच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा किल्ला. ही रेइश मागुशची, म्हणजे तीन राजांची, इगर्ज. पर्यटक अलीकडूनच फोटो काढून निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. मी गोव्यात इतिहास शिकवते. पोर्तुगीज काळ शिकवायला घेतला की मी मुलांना आधी इथे आणते.

१५५५ साली फ्रान्सिस्कन पाद्रींनी बांधलेली ही बार्देश तालुक्यातली पहिली इगर्ज. आतली भिंत जांभ्याचीच. पण जांभा पाणी पितो, गोव्याच्या पावसात झिजतो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. किल्ल्याचं काम त्याआधी चार वर्षं, १५५१ साली सुरू झालेलं. तिथे पूर्वी विजापूरच्या आदिलशहाची चौकी होती. जागा निवडली ती नदीसाठी. समुद्रातून मांडवीत शिरणारं प्रत्येक गलबत इथल्या तोफांसमोरून जायचं.

मुलांना मी पायऱ्यांच्या तळाशी थांबवते. तिथले दगडी सिंह विजयनगरच्या शैलीतले आहेत, इथल्या जुन्या देवळाचे असावेत असं मानतात. वर दर्शनी भिंतीवर मात्र पोर्तुगालच्या राजाचं मुकुटचिन्ह. एवढ्या पायऱ्यांत सत्ता कशी बदलली ते मुलांना न सांगता कळतं.

आत वेदीवर रंगवलेलं लाकडी शिल्प आहे: बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे, गास्पार, मेल्कियोर आणि बाल्ताझार. मला त्याहून ओढ वाटते ती दों लुईस द अताइदच्या थडग्याच्या कोरीव दगडाची. १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, तेव्हा याच व्हाइसरॉयने शहर राखलं. पुढे तो दुसऱ्यांदा व्हाइसरॉय होऊन आला आणि १५८१ साली गोव्यातच वारला. त्या दगडापाशी उभं राहिलं की पाठ्यपुस्तकातला व्हाइसरॉय माणूस होतो.

मराठी वाचकाला जवळचं वर्ष १७३९. तिकडे पोर्तुगीजांच्या वसईला चिमाजी अप्पांचा वेढा, इकडे सावंतवाडीकर भोसल्यांच्या फौजा बार्देशात. जवळजवळ सगळा तालुका पडला. आग्वाद आणि रेइश मागुश हे दोन किल्ले तेवढे पोर्तुगीजांकडे राहिले. पुढे रेइश मागुशचा तुरुंग झाला. दुरुस्तीनंतर २०१२ पासून तो सर्वांना पाहता येतो, आणि वरच्या तटावरून मांडवीचं मुख पाहिलं की तोफा इथेच का, हा प्रश्न उरत नाही.

जमलं तर ६ जानेवारीला या. तीन राजांचं फेस्त असतं. गावातली तीन मुलं मुकुट घालून, राजांच्या वेशात घोड्यांवर बसतात आणि सगळा गाव त्यांच्या मागे चालतो. पणजीहून फेरीबोटीने बेती गाठायची, तिथून नदीकाठच्या रस्त्याने वेरेंमार्गे इगर्ज अगदी जवळ आहे.