हस्तारोपणाचा प्रश्न : भारतातील दोन ख्रिस्ती ऐक्ययोजनांचा विचार

ख्रिस्ती पंथांमध्ये ऐक्य होण्याच्या आड काय येते, असा प्रश्न केला असता सामान्यतः 'मतभेद' असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे. प्रॉटेस्टंट परंपरेतील प्रमुख पंथांचे ईश्वराविषयी, ख्रिस्ताविषयी व धर्मग्रंथाच्या अधिकाराविषयी फारसे दुमत नाही. रविवारच्या उपासनेत ते जी श्रद्धासूत्रे म्हणतात तीही पुष्कळ अंशी समान आहेत. त्यांची वाट ज्या ठिकाणी अडते ते ठिकाण निराळे आहे. प्रभुभोजनाची भाकर मोडण्याचा अधिकार कोणास, आणि तो अधिकार त्यास कोणी दिला, हा तो प्रश्न होय. विसाव्या शतकात भारतात दोन मोठ्या ऐक्ययोजना सिद्धीस गेल्या. १९४७ साली दक्षिण भारताची मंडळी आणि १९७० साली उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. दोन्ही योजनांपुढे हाच एक प्रश्न होता. त्याची त्यांनी दिलेली उत्तरे मात्र परस्परांहून भिन्न आहेत. ही भिन्नता नीट ध्यानात घेतल्यास ऐक्याची किंमत काय असते आणि ती कोणाला मोजावी लागते, याचा उलगडा होतो.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. पाळकाची दीक्षा सर्वच पंथांत मस्तकावर हात ठेवून व प्रार्थना करून दिली जाते. तथापि तो हात कोणाचा असावा याविषयी एकमत नाही. अँग्लिकन परंपरेत दीक्षा देण्याचा अधिकार केवळ बिशपाचा आहे, व त्या बिशपास पूर्वीच्या बिशपांकडून अभिषेक झालेला असला पाहिजे. अशी ही साखळी प्राचीन मंडळीपर्यंत मागे जाते, अशी त्या परंपरेची धारणा आहे. प्रेस्बिटेरियन पंथात बिशपाऐवजी पाळक व वडील यांची सभा दीक्षा देते. काँग्रिगेशनल पंथात स्थानिक मंडळी हीच स्वयंपूर्ण मानली जाते. तिने निवडलेल्या सेवकास शेजारच्या मंडळ्यांच्या साक्षीने दीक्षा मिळते. ब्रिटिश परंपरेतील मेथडिस्टांमध्ये हा अधिकार त्यांच्या परिषदेकडे असतो. यावरून असे दिसेल, की अँग्लिकन तत्त्व काटेकोरपणे लावल्यास इतर तिन्ही पंथांच्या पाळकांची दीक्षा सदोष ठरते. आणि दीक्षा सदोष ठरली म्हणजे पिढ्यान् पिढ्या त्यांच्या हातून दिलेल्या प्रभुभोजनावरही संशयाची छाया पडते. ज्या पाळकाने एखाद्या खेड्यात चाळीस वर्षे सेवा केली, त्यास ऐक्यासाठी 'पुन्हा दीक्षा घ्या' असे सांगणे म्हणजे त्याची व त्याच्या मंडळीची सारी गतकाळची उपासना पोकळ होती, असे सुचविणेच होय.

यात एक विचित्र योगायोग आहे. अँग्लिकन पाळकांना स्वतःलाही अशाच नकाराचा अनुभव होता. १८९६ साली पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन दीक्षा अवैध असल्याचा निर्णय दिला होता. म्हणजे एका बाजूस ज्यांची दीक्षा नाकारली जात होती, तेच दुसऱ्या बाजूस इतरांची दीक्षा मान्य करण्यास कचरत होते. १८८८ सालच्या लँबेथ परिषदेने ऐक्याच्या बोलण्यांसाठी चार आधार सांगितले : धर्मग्रंथ, श्रद्धासूत्रे, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि ऐतिहासिक बिशपपद. पहिल्या तीन आधारांवर भारतात फारसा वाद झाला नाही. पुढील साठ वर्षांची चर्चा चौथ्याभोवतीच फिरत राहिली.

भारतात हा प्रश्न विशेष तीव्र होण्यास एक ऐतिहासिक कारण होते. येथील पंथभेद येथील श्रद्धाळूंच्या विचारमंथनातून निर्माण झालेले नव्हते. इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका येथील इतिहासात ते घडले व मिशनऱ्यांबरोबर येथे आले. त्यातच निरनिराळ्या मिशनांनी परस्परांत चढाओढ होऊ नये म्हणून कार्यक्षेत्रे वाटून घेतली. परिणामी माणसाचा पंथ त्याच्या मतावरून न ठरता त्याच्या जिल्ह्यावरून ठरू लागला. मराठी प्रदेशाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले व १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले; म्हणून नगरचा ख्रिस्ती मनुष्य काँग्रिगेशनल झाला. कोल्हापुरास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होते, जालना व नागपूर येथे स्कॉटिश मिशन होते, तर नाशकास अँग्लिकनांचे कार्य होते. नगरच्या शेतकऱ्याने काँग्रिगेशनल मत व बिशपपद यांची तुलना करून निवड केली होती, असे कोणी म्हणणार नाही. पुढे तोच मनुष्य रोजगारासाठी मुंबईस गेला म्हणजे त्याच्याच भाषेत उपासना करणाऱ्या शेजाऱ्याच्या मंडळीत तो परका ठरे. वाटणीचा नियमही सर्वत्र पाळला गेला नाही. खुद्द नगर जिल्ह्यात १८७० च्या दशकात अँग्लिकन मिशनने प्रवेश केल्यावर एकाच गावात दोन पंथ उभे राहिले.

या परिस्थितीला मराठी ख्रिस्ती समाजातून मिळालेले एक उत्तर संस्थात्मक ऐक्याच्या वाटेने गेले नाही. नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावून घ्यावेत, अशी त्यांची कल्पना होती. पंथ जोडण्यापेक्षा पंथांच्या पलीकडे भक्तीच्या पायावर बंधुमंडळ उभारावे, असा तो विचार होता. १९१९ साली टिळकांचा मृत्यू झाला व तो प्रयोग फार वाढला नाही. तथापि टिळकांची पदे सर्व मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गायिली जात राहिली. घटनात्मक ऐक्य होण्याच्या कितीतरी आधी गीतांचे ऐक्य झालेले होते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

ज्या वर्षी टिळक निवर्तले त्याच वर्षी, १ व २ मे १९१९ रोजी, तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे पाळकांची एक सभा भरली. याच गावी १७०६ साली भारतातील प्रॉटेस्टंट मिशनकार्यास आरंभ झाला होता. सभेस जमलेल्यांपैकी बहुतेक सर्व भारतीय होते. त्यांत प्रमुख होते व्ही. एस. अझरिया, म्हणजे १९१२ साली दोर्नकलचे बिशप झालेले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. आपले भेद आपण निर्माण केलेले नाहीत व ते टिकविण्याची आपली इच्छाही नाही, अशा आशयाचे निवेदन या सभेने काढले. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या दक्षिणेत १९०८ सालीच एकत्र आल्या होत्या. त्यांची व अँग्लिकनांची संयुक्त समिती १९२० पासून काम करू लागली. १९२५ साली मेथडिस्ट तीत आले. योजनेचा पहिला मसुदा १९२९ साली प्रसिद्ध झाला. अझरिया यांचा १ जानेवारी १९४५ रोजी मृत्यू झाला, आणि त्याच महिन्यात त्यांच्या मंडळीच्या सर्वसाधारण सभेने योजनेस संमती दिली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये दक्षिण भारताच्या मंडळीचे उद्घाटन झाले.

दक्षिणेने हस्तारोपणाच्या प्रश्नास दिलेले उत्तर पुढीलप्रमाणे आहे. बिशपपद सर्वांनी स्वीकारावे. मात्र ते कोणत्या सिद्धान्ताच्या आधारे स्वीकारले, हे सांगण्याचे बंधन कोणावरही असू नये. पुढील सर्व दीक्षा बिशपांच्या हस्ते व्हाव्यात. परंतु ऐक्याच्या दिवशी जे जे पाळक असतील ते ते, त्यांची दीक्षा कोणत्याही पद्धतीने झालेली असो, नव्या मंडळीचे पाळक मानले जावेत. कोणाच्याही मस्तकावर पुन्हा हात ठेवला जाऊ नये. तीस वर्षांच्या संक्रमणकाळात दोन प्रकारचे पाळक एकाच मंडळीत नांदतील, आणि ज्या पाळकाची सेवा एखाद्या स्थानिक मंडळीच्या सदसद्विवेकबुद्धीस मानवत नसेल तो तिच्यावर लादला जाणार नाही, असे परस्परांस वचन देण्यात आले. उद्घाटनाच्याच दिवशी नऊ नवे बिशप अभिषिक्त झाले. त्यांतील लेस्ली न्यूबिगिन हे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनरी होते. ज्यांच्या पंथाने शतकानुशतके बिशपपद नाकारले होते, त्यांनी ते पद स्वीकारले. आणि ज्यांनी त्या पदावाचून दीक्षा अपुरी मानली होती, त्यांनी तशा दीक्षेच्या पाळकांना सहकारी म्हणून पत्करले.

या उत्तराचा गुण असा, की त्यात कोणाच्याही भूतकाळाचा अवमान झाला नाही. त्याची किंमत मात्र बाहेर मोजावी लागली. दक्षिणेतील अँग्लिकनांचा आपल्या जगभरच्या बंधुमंडळीशी असलेला पूर्ण संबंध ऐक्यामुळे सुटला. १९४८ च्या लँबेथ परिषदेत नव्या मंडळीत दीक्षा घेतलेल्या पाळकांविषयी एकमत होऊ शकले नाही. १९५५ साली इंग्लंडच्या मंडळीच्या दोन्ही धर्मसभांनी बिशपांकडून झालेल्या दीक्षा वैध मानल्या, तरी पूर्ण सहभागिता तेव्हाही दिली नाही. भारतातही नंद्याळ भागातील काही अँग्लिकन प्रथम ऐक्याबाहेर राहिले. म्हणजे गावातील दुरावा मिटविण्यासाठी दूरच्या आप्तांशी दुरावा पत्करणे भाग पडले.

उत्तरेकडील वाटाघाटी करणाऱ्यांपुढे हा अनुभव होता. तेथेही प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ सालीच एकत्र आल्या होत्या. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्यांतच होत्या. १९२९ पासून सुरू झालेल्या व्यापक वाटाघाटींत पुढे बाप्टिस्ट, ब्रदरन व डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट हे पंथही आले, आणि त्यांच्याबरोबर बाप्तिस्म्याचा दुसरा अवघड प्रश्न आला. कारण हे पंथ बालकांचा बाप्तिस्मा मानीत नाहीत. त्यावर तोडगा असा निघाला, की बालबाप्तिस्मा व स्वतः श्रद्धा प्रकट केल्यावरचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती एकाच मंडळीत राहाव्यात.

दीक्षेच्या बाबतीत उत्तरेने दक्षिणेहून निराळा मार्ग धरला. दोन प्रकारचे पाळक तीस वर्षे राहू देण्याऐवजी ऐक्याच्या आरंभीच सर्वांचे एकीकरण करावे, असे ठरले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या सेवापदांचे एकीकरण परस्पर हस्तारोपणाने व प्रार्थनेने झाले. ज्यास जे उणे असेल ते ईश्वराने त्यास द्यावे, असा त्या प्रार्थनेचा आशय होता. कोणास काय उणे आहे, हे मात्र कोठेही सांगितलेले नव्हते. एखादा अँग्लिकन या विधीत बिशपाकडून मिळणारी दीक्षा पाहू शकत होता. एखादा काँग्रिगेशनल त्यात केवळ परस्परांची स्वीकृती पाहू शकत होता. अर्थ जाणूनबुजून मोकळा ठेवलेला होता.

या मोकळेपणावर दुटप्पीपणाचा आरोप झाला, व तो सहजासहजी झटकून टाकता येण्यासारखा नाही. एकाच कृतीचे दोन परस्परविरोधी अर्थ करण्यास वाव ठेवणे हे तर्कशास्त्राच्या दृष्टीने समाधानकारक नव्हे. त्याचे समर्थन असे केले जाते, की निवाडा करण्याचा अधिकारच दोन्ही पक्षांनी सोडला व तो ईश्वराकडे दिला. सर्वांनीच रिक्त हस्तांनी उभे राहिल्यामुळे देणारा व घेणारा हा भेद उरला नाही. उत्तरेच्या पद्धतीचा प्रत्यक्ष लाभ असा झाला, की आरंभापासून पाळकांमध्ये दोन वर्ग राहिले नाहीत. पण तेथेही ऐक्य पूर्ण झाले नाही. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळीने ऐनवेळी माघार घेतली; १९८१ पासून ती भारतातील मेथडिस्ट मंडळी म्हणून स्वतंत्रपणे नांदत आहे. गुजरातेत ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेवरून उद्भवलेला वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २०१३ साली त्याचा निकाल ऐक्याच्या विरुद्ध लागला. पाळकांची दीक्षा प्रार्थनेने जोडता आली. जमिनी व इमारती मात्र तशा जोडता आल्या नाहीत.

दोन्ही योजनांची तुलना केली असता त्यांचे मर्म थोडक्यात असे मांडता येते. दक्षिणेने काळावर विश्वास ठेवला. आज एकत्र राहू, उद्याच्या पिढीत भेद आपोआप विरून जाईल, अशी तिची भूमिका होती. उत्तरेने विधीवर विश्वास ठेवला. भेद आजच ईश्वरापुढे ठेवून निघू, अशी तिची भूमिका होती. पहिल्या मार्गात बाहेरच्यांचा नकार सोसावा लागतो. दुसऱ्या मार्गात आपल्याच कृतीच्या अर्थाविषयीची संदिग्धता सोसावी लागते. काहीच न सोसता ऐक्य साधल्याचे उदाहरण या दोहोंत सापडत नाही. कालांतराने बाहेरचा नकारही ओसरला. आज दोन्ही मंडळ्या अँग्लिकन, मेथडिस्ट व सुधारित या तिन्ही परंपरांच्या जागतिक संघटनांच्या सदस्य आहेत, आणि दक्षिणेतील मार थोमा मंडळीशीही त्यांनी १९७८ पासून संयुक्त मंडळाद्वारे संबंध जोडले आहेत.

रोमन कॅथॉलिक मंडळी या ऐक्यांच्या बाहेर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयी आदेशपत्र काढून संवादाचे दार उघडले. तरी वसईचा कॅथॉलिक व नगरचा प्रॉटेस्टंट यांस आजही एका मेजावर प्रभुभोजन घेता येत नाही. आणि तेथील अडचणींतही पाळकाच्या दीक्षेचा प्रश्न प्रमुख आहे. १८९६ चा निर्णय अद्याप मागे घेतला गेलेला नाही.

म्हणून भारतातील या दोन प्रयोगांचे महत्त्व केवळ स्थानिक इतिहासापुरते नाही. मतैक्य आधी व्हावे आणि सहजीवन मागून यावे, हा क्रम त्यांनी उलटा केला. सिद्धान्ताचा शेवटचा शब्द निघण्यापूर्वीच एका घरात राहण्याचे त्यांनी ठरविले. तरंगमबाडीच्या सभेपासून मद्रासच्या उद्घाटनापर्यंत अठ्ठावीस वर्षे लागली. उत्तरेस १९२९ पासून एकेचाळीस. या दीर्घ काळात ज्यांनी परस्परांच्या दीक्षेविषयी शंका घेतली तेच अखेर परस्परांच्या हातून भाकर घेण्यास सिद्ध झाले. शंका पूर्णतः फिटल्यामुळे हे घडले नाही. तिच्याहून मोठे असे काही आपल्यात समान आहे, ही खात्री पटल्यामुळे घडले.