देवमासा मासा नाही, मग तो वाळूवर का मेला?

2023 च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या दिवसांत, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत अडकले. गावकरी, मच्छीमार आणि सरकारी माणसे सगळे मिळून दोन दिवस झटले. अंगावर पाणी मारत राहिले. शेवटी बोटीच्या मदतीने त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले. पण ते पुन्हा किनाऱ्याला लागले आणि मेले.

सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा वर्गात दुसरा विषयच नव्हता. मी नेहमीप्रमाणे सांगितले, की देवमासा हा मासा नाही, तो आपल्यासारखाच फुप्फुसाने श्वास घेतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे अब्बा बोटीवर तांडेल आहेत. तो म्हणाला, "मॅडम, मासा पाण्याबाहेर मरतो हे समजतं. पण हा जर हवाच घेतो, तर वाळूवर हवा काय कमी होती? मग तो का मेला?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर देता देता पुढचे दोन तास कसे गेले, कळले नाही.

नावाने केलेला घोटाळा

मराठीत आपण 'देवमासा' म्हणतो, उर्दूत 'व्हेल मछली'. हजरत यूनुस (अलैहिस्सलाम) यांचा किस्सा सांगताना घरोघरी दादी-नानी 'मछली'च म्हणतात. त्यामुळे मुलांच्या मनात मासाच बसतो. पण ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. माशाला कल्ले असतात, देवमाशाला आणि डॉल्फिनला डोक्यावर नाकपुडी असते. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, यांची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. शिवाय ही मंडळी पिल्लांना जन्म देतात आणि दूध पाजतात. पोहण्याचा जो पर दिसतो, त्याच्या आत आपल्या हातासारखीच बोटांची हाडे असतात.

अशा समुद्री सस्तन प्राण्यांचे कुटुंब मोठे आहे. देवमासे आणि डॉल्फिन मिळूनच नव्वदच्या आसपास जाती आहेत. निळा देवमासा 30 मीटरपर्यंत वाढतो, पण पोट भरतो बोटाएवढ्या झिंग्यासारख्या जीवांवर. तोंडातल्या झालरीतून तो समुद्राचे पाणी गाळून घेतो. समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, समुद्रतळावरचे गवत चरते. तिची हाडे इतकी जड, की तळाशी राहणे तिला सोपे जाते. कच्छचे आखात, तामिळनाडूचा किनारा आणि अंदमान ही आपल्या देशातली तिची घरे. तामिळनाडू सरकारने 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात तिच्यासाठी 448 चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर केले. सील खडकावर येऊन पिल्ले देतात. उत्तर पॅसिफिकमधल्या समुद्री ऊदमांजराच्या कातडीखाली चरबीचा थर नाही, म्हणून त्याचे केस सगळ्या प्राण्यांत दाट. आपल्या अख्ख्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, त्याच्या एका चौरस इंचात त्याहून अधिक.

एक श्वास, कसा पुरवायचा?

यातला प्रत्येक प्राणी पाण्यात राहतो, पण श्वासासाठी वर यावेच लागते. म्हणून त्यांचे शरीर एकेक श्वास काटकसरीने वापरते. आपण साध्या श्वासात फुप्फुसातली थोडीच हवा बदलतो, डॉल्फिन एका दमात बहुतेक सगळी बदलून घेतो. बुडी मारली की हृदयाचे ठोके मंदावतात. प्राणवायूचा मोठा साठा रक्तात आणि स्नायूंत असतो, म्हणून त्यांचे मांस काळपट लाल दिसते. क्युव्हिए नावाच्या चोचवाल्या देवमाशाची 3 तास 42 मिनिटांची बुडी नोंदली गेली आहे.

आपण झोपेतही आपोआप श्वास घेतो. डॉल्फिनला मात्र प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. म्हणून तो एका वेळी अर्धाच मेंदू झोपवतो. उरलेला अर्धा जागा राहून वर येण्याची आठवण ठेवतो. हे ऐकून वर्गातली एक मुलगी म्हणाली, "आमची अम्मी बाळ झाल्यापासून अशीच झोपते." सगळा वर्ग हसला, पण उपमा चुकीची नव्हती.

मग वाळूवर का मेला?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. हवा होती, पण आधार नव्हता. पाणी देवमाशाचे टनावारी वजन उचलून धरते. वाळूवर तेच वजन त्याच्याच फुप्फुसांवर आणि स्नायूंवर पडते. दबलेले स्नायू खराब होऊन विषारी द्रव्ये रक्तात उतरतात. थंड पाण्यात ऊब देणारा चरबीचा थर उन्हात रजईसारखा होतो आणि अंग आतून तापते. त्यात ते पिल्लू आईपासून तुटलेले. देवमाशाचे दूध लोण्यासारखे घट्ट असते आणि त्यावरच पिल्लू वाढते. ते पाण्यात सोडले तरी त्याची भूक कोण भागवणार?

तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "अब्बांच्या जाळ्यात एकदा डॉल्फिन आला होता. वर काढला तर मेलेला. सगळे म्हणाले, घाबरून मेला."

घाबरून नव्हे, तो बुडून मेला. जाळ्यात गुरफटलेल्या डॉल्फिनला वर येता आले नाही, तर काही मिनिटांत त्याचा दम कोंडतो. समुद्रात राहणारा जीव समुद्रातच बुडून मरतो, ही गोष्ट मुलांना फार लागली.

आपल्या हातात काय आहे?

आपल्या किनाऱ्याला हे पाहुणे नाहीत, शेजारी आहेत. पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन खाडीच्या तोंडाशी फिरतो, पाठीवर पर नसलेला छोटा पॉरपॉईजही दिसतो. अरबी समुद्रातले कुबडे देवमासे तर हा समुद्र सोडून जातच नाहीत. ओमानकडे त्यांची संख्या शंभराच्या आत-बाहेर असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतल्या एका मादीचे नाव 'लुबान', म्हणजे आपला लोबान. 2017 मध्ये ओमानजवळ तिच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, पुढे दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परतली. कोकणातले कितीतरी बाप-भाऊ पोटासाठी जो समुद्र पार करतात, तोच तिने पोहून पार केला.

जाळे कापणे सोपे नाही. जाळे म्हणजे घरचे रेशन, मुलांची फी. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2018 पासून, डॉल्फिन किंवा कासवासारखा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापले तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई ठेवली आहे. मोबाईलवर फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवावा आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे किंवा वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करावा.

किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन दिसला तर 1926 या वन विभागाच्या क्रमांकावर लगेच कळवावे. तोवर ओल्या चादरीने अंग झाकावे, सावली करावी, पण डोक्यावरची नाकपुडी मोकळी ठेवावी. तिच्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. शेपटी धरून ओढू नये, गर्दी होऊ देऊ नये. पाण्यात लोटायची घाईही करू नये.

आठवड्याने तो मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला. म्हणाला, "मॅडम, अब्बांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, सुरी आजपासून बोटीच्या पुढच्या फळीवर ठेवतो, हाताला लगेच लागेल अशी."